शहाजाद्याची सावली

एरवी या सदराच्या वाट्याला अंकाची जेमतेम दीड पाने येतात, आणि ऐन वेळी एखादी जाहिरात टपकली तर त्यांचीही सव्वा होतात. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडतात. त्यामुळे आठवड्याच्या अंकात जो विषय काढण्याचे धाडस झाले नसते तो आज काढतो आहे. विषय आहे व्हिडिओ गेमवरून निघालेल्या एका चित्रपटाचा. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत कशाला पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे. पुढे कुठे तरी राशिभविष्य असेलच.

पण खरे सांगायचे तर हा विषय माझ्याकडे वर्गातूनच आला. एम. ए. च्या मुलांना मी 'माध्यमांतर' शिकवतो. कादंबरीचे नाटक झाले, नाटकाचा चित्रपट झाला, की काय उरते आणि काय गळते याचा हा विचार. उदाहरणे दरवर्षी तीच. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरून अत्र्यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट, नाही तर शिरवाडकरांचा 'नटसम्राट' आणि २०१६ साली त्याचा झालेला चित्रपट. यंदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, पुस्तकाचा सिनेमा झाला की वाचकाचा प्रेक्षक होतो. पण गेमचा सिनेमा होतो तेव्हा जो स्वतः उड्या मारत होता त्याला उचलून खुर्चीत बसवतात. हेही माध्यमांतरच का?" वर्गातले बरेचसे प्रश्न तास संपवण्यासाठी विचारलेले असतात. हा तसा नव्हता.

उदाहरण म्हणून मी घेतला 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कैऱ्या, लग्ने आणि टँकरची वाट पाहणे. अमेरिकेत उन्हाळा हा चित्रपटांचा सुगीचा हंगाम असतो. शाळा सुटतात, आणि वर्षातले सर्वांत खर्चिक, सर्वांत धावपळीचे चित्रपट याच दिवसांत बाहेर काढतात. हा चित्रपट तिथे २८ मे २०१० रोजी लागला. व्हिडिओ गेमवरून हॉलिवूडने काढलेला पहिला मोठा चित्रपट 'सुपर मारिओ ब्रदर्स' हाही १९९३ साली २८ मेलाच लागला होता आणि दणकून आपटला होता. मुहूर्त पाहून नारळ फोडणाऱ्या आपल्या एखाद्या निर्मात्याने ही तारीख नक्की टाळली असती.

निर्माते जेरी ब्रुकहायमर, पाठीशी डिस्नी कंपनी आणि दिग्दर्शक माइक न्यूवेल. खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात. मोरोक्कोच्या वाळवंटात आणि लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत चित्रण झाले. जगभरातून तेहतीस कोटी डॉलरांहून थोडे अधिक जमले, आणि २०१६ साली 'वॉरक्राफ्ट' येईपर्यंत गेमवरून निघालेल्या चित्रपटांत कमाईत हाच पहिला होता. तरीही पुढचा भाग निघाला नाही. वीस कोटी घालून तेहतीस कोटी आले तर आपल्या व्यापाऱ्याने पेढे वाटले असते. पण चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा जाता त्या पेढ्यांना साखर उरली नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. रस्त्यावर वाढलेल्या दस्तान नावाच्या एका अनाथ पोराचे धैर्य पाहून इराणचा राजा शारामान त्याला मुलगा म्हणून घरी आणतो. पोर मोठे होते. अलामूत या पवित्र नगरीत शत्रूसाठी शस्त्रे घडवली जात आहेत अशी बातमी येते, आणि राजपुत्र त्या नगरीवर चाल करून जातात. शस्त्रे काही सापडत नाहीत. (२००३ सालचे इराकचे युद्ध ज्यांना आठवते ते इथे मनाशी हसतात, आणि त्यांनी हसावे अशीच ती योजना आहे.) सापडतो तो एक खंजीर. त्याच्या मुठीत वाळू असते, आणि मुठीवरचा मणी दाबला की काळ मिनिटभर मागे जातो. पुढे दस्तानने भेट दिलेल्या विषारी झग्याने राजाचा जीव जातो, पितृहत्येचा आळ दस्तानवर येतो, आणि तो अलामूतची राजकन्या तमीना हिच्याबरोबर पळत सुटतो. त्यानंतरचे दीड तास सगळे जण पळतच असतात.

हे पळणे मात्र मोठे देखणे आहे. भिंतीवर पाय रोवून वर जाणे, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झेप घेणे, या साऱ्याला पार्कूर म्हणतात, आणि त्या विद्येचा जनक मानला जाणारा फ्रेंच गृहस्थ डेव्हिड बेल हा या चित्रपटाचा सल्लागार होता. आल्फ्रेड मोलिनाने रंगवलेला शेख अमार तर वेगळा उल्लेख करावा असा. तो शहामृगांच्या शर्यती लावतो आणि कर वसूल करणाऱ्यांना मनापासून शिव्या घालतो. आपल्या दरीकडे कोणी फिरकू नये म्हणून तिथे रक्तपिपासू गुलाम राहतात अशी आवई त्यानेच उठवून दिलेली असते. मार्च महिन्यात प्राप्तिकराचे कागद जुळवणाऱ्या कोणाही नोकरदाराला हा शेख आपला वाटेल.

आता या शहाजाद्याची जुनी कुळकथा. अमेरिकेतला जॉर्डन मेकनर हा तरुण येल विद्यापीठात शिकत असतानाच 'कराटेका' नावाचा गेम करून बसला होता. त्याच्या मनात ओढ होती ती चित्रपटांची. पदवी घेतल्यावर एकीकडे तो पटकथा लिहीत होता आणि दुसरीकडे ॲपल टू या संगणकावर नवा गेम रचत होता. १९८५ साली त्याने शाळेत शिकणाऱ्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एका मोकळ्या वाहनतळावर पळायला, उडी मारायला, भिंतीला लोंबकळून वर चढायला लावले आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. मग एकेक चित्र थांबवून त्याचा फोटो काढायचा, काळ्या-पांढऱ्या रंगाने आकृती स्वच्छ करायची आणि ती संगणकात भरायची. असे कित्येक महिने चालले. तलवारीच्या हातांसाठी त्याने १९३८ सालच्या 'रॉबिन हूड' चित्रपटातल्या एरल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचे काही सेकंद उचलले. बापाने, फ्रान्सिस मेकनर यांनी, संगीत दिले. १९८९ साली गेम बाजारात आला. चित्रपटाचा ध्यास घेतलेल्या माणसाने चित्रपटातून उसनी घेतलेली ती हालचाल चित्रपटाने एकवीस वर्षांनी परत मागून घेतली, असा हा हिशेब आहे.

आणि चित्रपटाचे तरी स्वतःचे असे काय होते? डग्लस फेअरबँक्सचा १९२४ सालचा 'थीफ ऑफ बगदाद' ही या सगळ्या वंशाची आजी. त्याच फेअरबँक्सचे नाव पुढे जोडून आपल्याकडे मास्टर विठ्ठलला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. मूकपटांत त्याने तलवारी परजल्या, भिंती चढल्या, आणि १९३१ साली 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचा तो नायक झाला. तिथे मात्र त्याला बोलायला फारसे दिले नव्हते. आणखी मागे जायचे तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, तेव्हापासून आपल्या माजघरात वजीर, शहाजादे आणि जादूचे गालिचे सुखाने नांदत आहेत. तेव्हा पर्शियाचा शहाजादा हा काही आपल्याला परका पाहुणा नव्हे.

माझ्या पिढीला तो भेटला १९९० नंतरच्या दशकात, गावोगावी निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. बाहेर चपला काढायच्या, काचेचे दार ढकलून वातानुकूलित खोलीत जायचे, आणि काळ्या पडद्यावर सर सांगतील त्या आज्ञा टंकायच्या. सर चहाला गेले की कोणी तरी 'प्रिन्स' हा शब्द टंकत असे. एका यंत्रासमोर चार पोरे बसत. पांढऱ्या कपड्यातला तो इवलासा माणूस असा काही धावायचा की आम्ही आ वासून पाहत राहायचो. तोवर पाहिलेल्या गेममधली माणसे टाचणीला टोचलेल्या पाकोळीसारखी सरकत असत. हा माणूस थांबताना जरा घसरायचा, कड्याला लोंबकळताना त्याच्या अंगाचे वजन दिसायचे. ते वजन अमेरिकेतल्या एका शाळकरी पोराचे आहे हे आम्हांला कुठून ठाऊक असणार!

साठ मिनिटे मिळत. तेवढ्यात तळघरातून वर चढत जाऊन जाफर वजिराला मारायचे आणि राजकन्येला सोडवायचे. खाली खिळे, वर कोसळणाऱ्या फरशा, मध्ये कात्रीसारखी मिटणारी पाती. पोर मरायचे, पुन्हा उठायचे, पुन्हा मरायचे. आणि दर वेळी 'तो मेला' असे कोणी म्हणत नसे. 'मी मेलो' असेच म्हणत. चार पोरांत एकाच्या हाताखाली कळा असल्या तरी मरायचे ते चौघेही. काही चलाख मुलांना 'प्रिन्स मेगाहिट' असे टंकून गेम चालू करण्याची युक्ती ठाऊक होती. मग एका कळीने शत्रू मरायचा, दुसरीने आख्खा मजला ओलांडता यायचा. पण अशा रीतीने वर पोचलेल्याला आमच्यात कोणी फारसा मान देत नसे.

या गेममध्ये एक प्रकरण असे आहे की त्यासाठी मी त्याला वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मांडून द्यायला तयार आहे. चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा उभा राहतो. दुसरी वाट नसते. शहाजादा धावत जाऊन त्यातून उडी मारतो, आणि त्याच क्षणी आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याची सावली बाहेर पडून पळून जाते. पुढे ही सावली त्याला छळत राहते. औषधाची बाटली त्याच्या आधी पिऊन टाकते, पोचायच्या कड्यावरचे दार तोंडावर लावते. शेवटाकडे, बाराव्या पातळीवर, ती तलवार काढून समोर उभी ठाकते. तिला घाव घातला की तो आपल्यालाच लागतो. तिला मारले की आपण मरतो.

आमच्या क्लासातली पोरे या जागी कित्येक आठवडे अडून होती. मारामारी करायची सवय हातात इतकी भिनलेली, की दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते. एके दिवशी आमच्यातला एक जण कंटाळला आणि त्याने खालची कळ दाबून तलवार म्यान केली. सावलीनेही तलवार म्यान केली. तो पुढे गेला, तीही पुढे आली, आणि दोघे एकमेकांत मिसळले. त्यापुढची दरी ओलांडायला पूल नव्हता. तो नुसता चालत सुटला, आणि पावलागणिक पायाखाली फरशी उमटत गेली. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. एवढ्यात सर चहा घेऊन परत आले आणि आम्ही भराभर पगारपत्रकाचा तक्ता उघडला.

या सावलीची जन्मकथाही मौजेची आहे. मेकनरला गेममध्ये खलपुरुष हवा होता, पण यंत्राच्या अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीत नवी आकृती ठेवायला जागाच उरली नव्हती. आजच्या मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रदेखील याहून कित्येक पट मोठे असते. तेव्हा त्याने शहाजाद्याचीच चित्रे थोडी सरकवून स्वतःवर अशी बसवली की त्यांतून एक काळपट, लुकलुकणारी आकृती निघाली. दारिद्र्यातून निघालेली युक्ती ती. पण नायकाचा वैरी त्याच्याच देहातून निर्माण करावा लागला, म्हणूनच 'वैऱ्याला मारू नकोस, त्याला पोटात घे' हे कोडे त्यात शिरू शकले. जागा मुबलक असती तर तिथे एखादा दाढीवाला राक्षस उभा राहिला असता आणि आम्ही तो पहिल्याच दिवशी मारून घरी गेलो असतो.

चित्रपट ज्या गेमवरून घेतला तो मात्र हा नव्हे. २००३ साली मॉन्ट्रिऑलच्या युबिसॉफ्ट कंपनीने 'द सँड्स ऑफ टाइम' हा नवा गेम काढला, आणि त्याची कथाही मेकनरनेच लिहिली. ती सुरू होते हिंदुस्थानात. इराणी फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर पडते. महाराजाचा वजीर फितूर असतो. (महाराजाच्या मुलीचे नाव फराह. बारशाला कोण हजर होते कोण जाणे!) बापाची शाबासकी मिळावी म्हणून शहाजादा लुटीत तो खंजीर पटकावतो. पुढे आझादच्या सुलतानाच्या दरबारात वजिराच्या नादाने तो खंजीर घड्याळात खुपसतो आणि काळाची वाळू मोकळी करतो. त्या वाळूने सारे शहर पिशाच्चांनी भरते. त्याचा बापही त्यांतच जातो, आणि त्या पिशाच्चांशी लढण्याची पाळी शहाजाद्यावर येते.

इथे मुद्दा आहे तो हातांचा. फसवले वजिराने हे खरे, पण खंजीर खुपसला तो शहाजाद्याच्या हाताने, आणि खेळताना तो हात आपला असतो. त्या क्षणी कळ आपणच दाबतो. पुढचे सगळे चढणे, लढणे, धडपडणे हे केलेले निस्तरण्यासाठी आहे. शिवाय ही सारी हकीकत शहाजादा स्वतः कोणाला तरी सांगतो आहे अशी योजना आहे. आपण पडून मेलो की त्याचा आवाज येतो की नाही, नाही, असे झाले नव्हते, जरा मागून सांगतो. आजी गोष्ट सांगता सांगता चुकली आणि अंथरुणातल्या नातवाने हटकले की ती जशी मागे येऊन धागा पकडते, तसेच हे. कीर्तन, आख्यान, पोवाडा यांवर पोसलेल्या माणसाला सांगणाऱ्याची ही लकब लगेच ओळखीची वाटते.

चित्रपटाची मूळ कथाही मेकनरच्याच नावावर आहे. पटकथा इतरांनी लिहिली. आणि या वाटेवर जे झाले त्याची मला मोठी रुखरुख लागते. शहाजादा निर्दोष झाला. बापाला विषारी झगा त्याच्या हातून मिळतो, पण त्याला काहीच ठाऊक नसते. अलामूतच्या हल्ल्यात तो पुढे असतो, पण रक्तपात टळावा म्हणून. सगळे पाप एका काकाच्या खाती जमा केले आहे, आणि काकाला मारले की खाते बंद. ज्या गोष्टीत आपलीच सावली समोर उभी होती, ज्या गोष्टीत आपल्याच हाताने शहर बुडाले होते, तिथे आता आळ खोटा असलेला एक सुस्वभावी तरुण पळतो आहे. असे तरुण मला फार आवडतात, पण त्यांच्यासाठी काळाला उलटे फिरवण्याची काय गरज? एक चांगला वकील पुरला असता.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर इथे आहे. खेळणाऱ्याला खुर्चीत बसवले म्हणून बिघडत नाही. 'मॅकबेथ' पाहणारा खुर्चीतच बसतो आणि त्याच्या हाताला रक्त लागल्यासारखे वाटतेच. खुर्चीतल्या माणसाच्या हातावरचा भार चित्रपटवाल्यांनी स्वतःहून काढून घेतला, तिथे बिघडले. कोणी तरी आपल्या आधीच 'मेगाहिट' टंकून ठेवल्यासारखा हा चित्रपट पुढे पुढे जातो.

आता तो काका. त्याचे नाव निजाम. मराठी प्रेक्षकाला खलपुरुष ओळखायला एवढे पुरे. खर्ड्यापासून रझाकारांपर्यंतचा इतिहास ज्याच्या रक्तात आहे त्याच्यापासून हे रहस्य दडवण्याची दिग्दर्शकाची सारी खटपट वाया गेली. पण या नावामागे आणखी एक गंमत आहे. अलामूत हे काही कल्पित गाव नव्हे. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला एल्बुर्झ पर्वतात तो किल्ला होता. १०९० साली हसन सब्बाहने तो घेतला आणि तिथून निजारी इस्माइली पंथाचे राज्य चालवले. या पंथाच्या मारेकऱ्यांच्या आख्यायिका पुढे युरोपभर पसरल्या आणि इंग्रजीतला 'असॅसिन' हा शब्द त्यांतून आला. त्यांच्या हातून १०९२ साली पडला असे सांगतात तो सेल्जुक सुलतानांचा वजीर, आणि त्याचे नाव होते निजाम उल्मुल्क! चित्रपटात निजामच हसनसिन नावाचे मारेकरी पदरी ठेवून दुसऱ्यांना मारवतो. ज्याचा मुडदा पडला त्यालाच सुपारी देणारा करून टाकले.

माधव जूलियनांनी मराठीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबाया ज्यांनी आवडीने वाचल्या असतील त्यांना ती दंतकथाही आठवेल. उमर, हसन आणि निजाम हे तिघे एका गुरूकडे शिकले, आणि ज्याचे भाग्य उदयाला येईल त्याने इतरांना हात द्यावा असे त्यांनी ठरवले, अशी ती कथा. तिघांच्या वयाचा मेळ बसत नाही म्हणून विद्वान ती खोटी ठरवतात. खोटी असो. तीन दोस्तांपैकी एक कवी होतो, एक वजीर आणि एक त्या वजिराचा काळ, या गोष्टीतून केवढा चित्रपट निघाला असता!

१२५६ साली हुलागूच्या मोंगलांनी अलामूत पाडले. तिथल्या ग्रंथालयातून जुवैनी या इतिहासकाराने काही पुस्तके निवडून बाजूला काढली आणि बाकीची जाळली. माझ्यासारख्याला साऱ्या अलामूतमध्ये हीच घटना सर्वांत थरारक वाटते. पंथ मात्र टिकला. अलामूतच्या त्या इमामांची गादी पुढे चालत आली ती आगाखानांच्या घराण्यात. पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकात इराणातून हिंदुस्थानात आले आणि मुंबईला स्थायिक झाले. माझगावला त्यांची कबर आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ साली त्यांच्या नातवाने बांधला. १९४२ साली गांधीजींना तिथेच स्थानबद्ध केले होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबांनी तिथेच देह ठेवला. १९८२ सालच्या 'गांधी' चित्रपटात तो प्रसंग आहे, आणि त्यात पत्नीशेजारी सुन्न बसलेले गांधीजी रंगवले आहेत बेन किंग्ज्ली यांनी. जन्मनाव कृष्ण भानजी, बापाकडून गुजराती. अलामूतच्या वारसदारांच्या वाड्यात बंदी असलेला महात्मा ज्याने रंगवला, तोच नट अठ्ठावीस वर्षांनी डोळ्यांत काजळ घालून अलामूतचा खंजीर बळकावायला निघतो. हा योग कोणी जुळवून आणलेला नाही, म्हणून तर तो मला अधिक आवडतो.

किंग्ज्लींचा निजाम हे या चित्रपटातले एकमेव खरे माणूस आहे असे माझे मत. लहानपणी शिकारीत सिंहाच्या तडाख्यातून त्याने भावाला वाचवलेले असते. भाऊ राजा झाला, हा त्याचा पाठीराखा राहिला. आता काळ मागे फिरवून त्या दिवशी जायचे आणि या खेपेला भावाला वाचवायचे नाही, एवढीच त्याची इच्छा. सत्कृत्याचा पश्चात्ताप! आपल्या भाऊबंदकीच्या नाटकांतही याहून अस्सल विष फारसे सापडणार नाही. या माणसाला चांगला अर्धा तास द्यायला हवा होता. तो वेळ विषारी सापांना मिळाला.

नायकाच्या भूमिकेत जेक जिलेनहॉल आहे, आणि इराणी शहाजाद्याच्या गोष्टीत प्रमुख भूमिकांत एकही इराणी वंशाचा नट नाही यावर त्या वेळी बरीच टीका झाली. रंगभूमीवर कोणी कोणाचे सोंग घ्यावे याला बंधन नसावे, हे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. पण एक आहे. इराणचे नाव, इराणची वाळू, शाहनाम्यातली नावे सगळी घ्यायची आणि माणसे तेवढी घ्यायची नाहीत, हा व्यवहार जरा एकतर्फी वाटतो. कारण नावे खरोखर शाहनाम्यातली आहेत. तूस हा त्यातला एक वीर. दस्तान हे रुस्तुमाचा बाप झाल याचे दुसरे नाव. जन्मतःच पांढरे केस म्हणून झालला बापाने डोंगरावर टाकून दिले आणि सीमुर्ग पक्ष्याने त्याला वाढवले. शाहनाम्यातला दस्तान थोर घरातून बाहेर टाकलेला, चित्रपटातला रस्त्यावरून उचलून थोर घरात आणलेला. शिवाय फारशीत 'दास्तान' म्हणजे गोष्ट, हे उर्दूमुळे आपल्याही कानावर आहेच.

पण मला सर्वांत गोड धक्का बसला तो आणखी एका शब्दाने, आणि तो चित्रपटात नाही, २००३ च्या गेममध्ये आहे. एका रात्री फराह शहाजाद्याला आपले बालपणीचे गुपित सांगते. भीती वाटली की म्हणायचा एक जादूचा शब्द तिला आईने दिला होता आणि तो तिने कोणालाही सांगितलेला नव्हता. पुढे फराह मरते. शहाजादा काळ इतका मागे नेतो की हल्ला झालेलाच नाही, वाळू सुटलेलीच नाही, आणि ती रात्रही आलेली नाही. तो रात्री तिच्या दालनात जाऊन तिला सगळी गोष्ट सांगतो. आपण इतका वेळ खेळत होतो ती हीच गोष्ट! फराहला अर्थात ती थाप वाटते. खंजीर तिच्या हवाली करून तो निघतो. ती त्याचे नाव विचारते, आणि तो नावाच्या जागी तो शब्द सांगून अंधारात नाहीसा होतो. शब्द आहे 'काकोलुकिया'.

पंचतंत्र वाचलेल्याच्या अंगावर इथे शहारा यावा. कावळ्यांच्या आणि घुबडांच्या वैराची कथा सांगणारे तिसरे तंत्र म्हणजे 'काकोलूकीय'. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या पदरचा हकीम बुर्झोय याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले, आठव्या शतकात इब्न अल्‌मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने उतरवले, आणि तिथून ते जगभर गेले. विष्णुशर्म्याचा तो शब्द फिरत फिरत मॉन्ट्रिऑलच्या एका गेममध्ये हिंदुस्थानच्या मुलीच्या ओठांवर येऊन बसला आहे, आणि खेळणाऱ्या लाखो पोरांनी तो नुसता नादासाठी लक्षात ठेवला आहे.

चित्रपटातही शेवटी काळ मागे जातो. अलामूत नुकतेच पडलेले असते, राजा जिवंत असतो, निजामाचे बिंग फुटते. तमीनाने दस्तानबरोबर वाळवंट ओलांडलेले, त्याच्यासाठी कड्यावरून हात सोडून दिलेला, हे सारे आता झालेलेच नाही. तिच्या दृष्टीने हा आपले शहर लुटणाऱ्या फौजेतला एक राजपुत्र, आणि त्याच्याशी लग्न ठरवले जाते आहे. दस्तान तिच्या हाती तो खंजीर परत देतो. ती त्याच्याकडे जरा संशयाने बघते. त्याला सगळे आठवत असते आणि तिला काही सांगता येत नसते. जिलेनहॉलने तिथे फार काही केलेले नाही, तो नुसता पाहत राहतो. वीस कोटी डॉलरांच्या त्या सगळ्या धुळीत तेवढ्याच दोन मिनिटांपुरता मला क्लासातला तो पांढऱ्या कपड्यातला शहाजादा भेटला.